पावसाच्या राज्यातल्या बंदुका : प्रकल्प नोंदी, सोलापूर

२१ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी अजून पुरती ओसरलेली नाही. टेम्पोला होम मैदानाचा वळसा पडला आणि दुपारी यायचं सामान रात्री आठला आलं. एक लोखंडी पेटी, दोन पोती. जागा अक्कलकोट रोडवरची, टॉवेलच्या बंद कारखान्याचं गोदाम. माग विकून झाले, फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन तेवढे उरलेत.

दिग्दर्शक माझाच विद्यार्थी. सातवीत चित्रकलेच्या तासाला वहीच्या मागच्या पानांवर राक्षस काढायचा, आता चित्रपट काढतोय. गोष्ट एका अशा राज्याची, जिथे पाऊस थांबतच नाही. सोलापूरच्या पोराला दुसरं काय सुचणार! शूटिंग मार्चमध्ये, पाऊस टँकरचा.

मला दिलेलं काम असं: "बाई, यातली प्रत्येक बंदूक कुठली, कधीची, एवढं लिहून द्या. पोस्टर आलं की लोक फोटोवर लाल गोल काढून चुका दाखवतात."

आज फक्त मोजदाद. अकरा नग. ब-१ ते ब-११ असे आकडे सुतळीने बांधले. ब-१ ला आधीच एक चिठ्ठी होती, निळ्या बॉलपेनने: 'शिवकालीन तोड्याची बंदूक. अस्सल. जपून.' (तोडा म्हणजे धुमसती दोरी, तिने दारू पेटवायची.) भाडंही तिचंच सगळ्यात जास्त.

२२ जानेवारी

बंदुकीच्या तोंडाकडे कुणी उभं राहायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा, नळी रिकामी आहे हे गजाने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासायची) बंदूक भरून ठेवली तर बाहेरून काही कळत नाही. शंभर वर्षं भिंतीवर टांगलेली बंदूकही भरलेली निघू शकते. तपासायची रीत सोपी आहे. गज नळीत आत जाईल तेवढा सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण तोंडाशी ठेवल्यावर टोक कानापर्यंत पोचायला हवं. (कान म्हणजे बत्ती आत जायचं भोक. तोफेच्या कानात खिळे ठोकले म्हणतो, तोच कान.)

पोत्यातली ब-२ सोडून सगळ्या ठीक. ब-२ मध्ये गज कानाच्या चार बोटं अलीकडे थांबला.

सगळे दोन पावलं मागे. कलाविभागातला मुलगा म्हणाला, "काय करलालाव बाई, बाहेर चला की!" मी पण गेले. पुरवठादाराचा परवानाधारक माणूस पेटीबरोबर इथेच राहतो. अस्सल हत्यारं रोज संध्याकाळी त्याच्याच कुलपात जातात, त्याशिवाय मी हे काम घेतलंच नसतं. त्याला बोलावलं. तो म्हणाला, उद्या माझा कारागीर येईल, तोवर हात लावू नका.

२३ जानेवारी

कारागिराने नळीत तेल सोडलं, तासभर थांबला आणि स्क्रूसारख्या टोकाच्या गजाने आतला ऐवज हळूहळू बाहेर काढला. पिवळी माती आणि वाळलेले कोळी. कुंभारणीचं घर! त्या माशीला बंदुकीची नळी म्हणजे तयार वाडाच. त्यामागे दारू नाही, गोळी नाही. गज कानापर्यंत गेला. कालच्या घाबरगुंडीचं हसू झालं, पण नियम तोच राहील.

२५ जानेवारी

सोपे नग आधी उरकले.

ब-८ ते ब-११ फायबरच्या. चारही नगांच्या दस्त्यावर एकाच जागी एकाच आकाराचा ओरखडा. म्हणजे एकाच बंदुकीवरून साचा घेतलाय. मूळच्या अक्षरांच्या कडा साच्यात वितळल्यासारख्या गोल झाल्यात. दुरून चालतील.

ब-७ वरून गोदामात हशा पिकला. दस्त्यावर मोर कोरलेला, पितळी पट्ट्या ठोकलेल्या, नळीला काळा रंग. नळी मधोमध वाकवून बघितली तर एअरगन! गड्ड्यात फुगे फोडायला देतात तसली. मुलगा म्हणाला, "हीच होती बे गेल्या वर्षी माझ्याकडं, नेम डावीकडं जातो हिचा." खरं-खोटं सिद्धेश्वर जाणे. यादीत लिहिलं: एअरगन, सजवलेली, वापरू नये.

ब-६, दोन नळ्यांचं छोटं पिस्तूल. नळीखाली भिंगातून लंबगोल शिक्का दिसला. आत ई, एल, जी ही रोमन अक्षरं, खाली तारा. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीघराची ही खूण. १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. इथे मुकुट नाही, म्हणून त्याआधीचं. टोपीचं पिस्तूल आहे, म्हणजे तांब्याच्या टोपीतल्या स्फोटकाने पेटणारं. लिएजच्या कारखान्यांनी स्वस्त पिस्तुलं जगभर विकली, त्यांतलंच एक.

२८ जानेवारी

ब-४ आणि ब-५. यांच्यामुळे वकिलांना फोन करावा लागला.

ब-४ च्या कळीच्या (बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट, टॉवर हा शब्द आणि १८६२. पण नळीच्या मागच्या टोकाला दार आहे, उजवीकडे उघडणारं, काडतूस आत सरकवायला. आता ठासणीची बंदूक आणि काडतुसाचं दार यांचा मेळ कसा बसायचा? बसतो. ही स्नायडर. ब्रिटिशांनी १८६६ मध्ये जुन्या एनफिल्ड बंदुकांच्या नळीचा मागचा भाग कापला आणि जेकब स्नायडरच्या रचनेचं दार बसवलं. पट्टी जुनी राहिली, दार नवं आलं. म्हणजे पट्टीवरचं साल जन्माचं, पुनर्जन्माचं नाही. नुसतं साल वाचून काळ लिहिणाऱ्यांची इथेच फसगत होते.

ब-५ खाली तरफ असलेली, मार्टिनी-हेन्री धाटणीची. अस्सल मार्टिनी ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये स्वीकारली. हिच्यावर राणी व्हिक्टोरियाची व्ही आर अक्षरं, मुकुट आणि खाली साल १९०६. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये! शिवाय एनफिल्ड शब्दातला रोमन एन आरशात पाहिल्यासारखा उलटा. सरहद्दीकडच्या, खैबरच्या वाटेवरच्या कारागिरांचं काम हे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, खुणा चित्रासारख्या उतरवायचे. हात मात्र असा तयार की या नकला उडायच्याही. बनावट म्हणून मी नाक मुरडलं नाही. घडवणाऱ्याने कानसीने काय काम केलंय ते बघत बसले अर्धा तास.

वकिलांचं म्हणणं: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे, पण ती जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन मोलाच्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. 'दुरुस्त करूनही' हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. ब-४ आणि ब-५ मधली सुई काढलेली आहे, पण सुई नवी बसवता येते. दोन्ही परत पाठवायला सांगितल्या. दिग्दर्शक हळहळला. हळहळू दे.

१ फेब्रुवारी

आता ब-१. चिठ्ठीवाली, अस्सल, जपून.

दुरून खरंच छान दिसते. काळपट लाकूड, नळीवर गंज, वर तोडा धरायची वाकडी चिमटी. हातात घेतली आणि खटकलं. दस्ता खांद्याला फार नीट बसतो. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ असतो, साहेबी बंदुकीसारखा खाली वाकून रुंद होत नाही. हिचा होतो. नळी दस्त्याला तीन धातूच्या कड्यांनी आवळलेली आहे, आणि प्रत्येक कड्याला स्क्रू.

नळीची लांबी ९९ सेंटिमीटर. तोंडाचा व्यास व्हर्निअरने १६.७ मिलिमीटर. आत टॉर्च टाकला, चऱ्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत, गुळगुळीत.

आकडे वहीत लिहिले आणि चहा घेतला. उत्तर मनात आलेलं, पण लगेच लिहायचं नाही अशी सवय लावून घेतलीय. एकदा नाव मनात बसलं की डोळे फक्त त्या नावाला जुळेल तेवढंच बघतात.

२ फेब्रुवारी

मिस्त्री मामांना बोलावलं. पॉवरलूम दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली, बंदूक आयुष्यात हाती धरलेली नाही. हेच हवं होतं. त्यांना शिवकाल दिसत नाही, लोखंड दिसतं.

त्यांनी कड्याचा एक स्क्रू सोडवला, नखाने आटे चाचपले. "बाई, हे आटे मशिनचे. सगळे सारखे." मग दुसऱ्या कड्याचा सोडवला आणि पहिल्याच्या जागी फिरवला. बसला! "हाताने पाडलेला आटा दुसऱ्या भोकात असा जात नसतोय."

मग तोडा धरायच्या चिमटीकडे वळले. मुळाशी भिंग धरायचीही गरज पडली नाही त्यांना. "हे तर रॉडचं वेल्डिंग. आमच्या एमआयडीसीत कुठल्याही शेडमध्ये करून देतील."

उजव्या अंगाला दस्त्यात लाकडाचा रंग थोडा वेगळा होता. मामांनी सुरीच्या टोकाने खरवडलं, लांबी (भेगा भरायचं लुकण) निघाली, रंगवलेली. तिच्याखाली कळ बसवायचा लांबट खड्डा रिकामा. डाव्या अंगाला दोन स्क्रूंच्या पितळी वाट्या तशाच राहिल्यात. नळीवर कानाजवळ ग्राइंडरने घासल्याचा सपाट भाग, तिथे टोपी बसवायची बोंडी होती. भोक वेल्डिंगने बुजवलंय, खालून नळीला आरपार छिद्र पाडलंय. आता ही कधीच उडणार नाही.

निकाल. ही तोड्याची नव्हे, टोपीची. घराणं एनफिल्ड १८५३ चं, तीन कड्यांचं, ३९ इंची नळीचं. पण १८५३ च्या एनफिल्डचा व्यास .५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर, आणि आत तीन चऱ्या. हिचा व्यास मोठा आणि आत गुळगुळीत. वर नेम धरायची उभी होणारी शिडीही नाही, नुसता एक ठोकळा.

ही १८५७ नंतरची गोष्ट आहे. ज्या एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला, ती रायफल देशी शिपायांच्या हाती पुन्हा द्यायची सरकारची छाती होईना. म्हणून दिसायला तशीच, पण चऱ्या नसलेली, .६५६ इंच व्यासाची बंदूक त्यांच्यासाठी काढली. १८५८ चा नमुना. लांबच्या नेमाची शिडी काढून ठोकळा लावला, कारण लांब नेम लागणारच नव्हता. मुद्दाम आंधळी केलेली बंदूक. .६५६ चे १६.७ मिलिमीटर होतात. वहीत कालच लिहिलेला आकडा.

तर 'शिवकालीन' बंदूक महाराजांच्या राज्याभिषेकानंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी जन्मली, आणि अगदी अलीकडे कुणीतरी तिला तोड्याचं सोंग दिलं.

मामांना विचारलं, एवढा खटाटोप कशाला केला असेल? "भाड्याला," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

५ फेब्रुवारी

ब-२, कुंभारणीची. पोत्यात पडलेली, म्हणून कुणी बघितलीच नव्हती. यादीत पुरवठादाराने 'जुना पाइप, लाकडासह' लिहिलंय!

नळी ११८ सेंटिमीटर, तोंडाशी कळीसारखी फुगवलेली, वर माशी (नेम धरायचा पुढचा मणी). दस्ता सरळ, पाचकोनी कापाचा. नळी लाकडाला तारेने आणि चामड्याच्या वादीने बांधलेली, एका जागी वादी तुटून सुतळी आलीय. दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, त्या खिळ्यांनी बसवलेल्या. कुठेही स्क्रू नाही. तोड्याची चिमटी लाकडाच्या फटीतून वर येते आणि चाप ओढला की पुढे, वाटीकडे झुकते. सगळी यंत्रणा दस्त्याच्या पोटात. युरोपीय तोड्याच्या बंदुकीला कळीची पट्टी बाहेरून लावलेली असते, हिला नाही. चाप पानासारखा चपटा. रंजकाच्या (बार पेटवायच्या बारीक दारूच्या) वाटीवर फिरतं झाकण, अजून फिरतं.

गंज कोरड्या कपड्याने पुसला तेव्हा नळीवर तिरके पट्टे दिसले, दोरी पिळावी तसे. पट्ट्या गरम करून, पीळ देऊन, गजाभोवती गुंडाळून, ठोकून केलेली नळी. मामांनी त्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "याला सूत कातल्यासारखं कातलंय."

अस्सल तोड्याची बंदूक ती ही. काळ मात्र मी मोकळाच ठेवलाय. हा घाट सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत फारसा बदलला नाही, खेड्यांत टोपीची बंदूक आल्यावरही तोड्याची चालूच होती. 'शिवकालीन' लिहायचा मोह झाला. तोच मोह आधी कुणाला तरी झाला होता, म्हणून आवरला.

९ फेब्रुवारी

अक्कलकोटला राजवाड्यातलं शस्त्रागार बघून आले. काचेपलीकडून मोजता येत नाही, पण डोळा तयार होतो. तोड्याच्या बंदुकांच्या ओळीपुढे उभी राहिले की फट कुठे, चाप कसा, बांधणी कशी हे एकापाठोपाठ दिसत जातं. पोत्यातली ब-२ त्या ओळीत खपून गेली असती, ब-१ नसती. येताना स्वामींचं दर्शन, आणि घरी शेंगाचटणी-भाकरी.

ब-३ चं टिपण राहिलं होतं. कळीच्या पट्टीवर सिंह, पुढच्या पंज्यांत मुकुट धरलेला. ईस्ट इंडिया कंपनीचा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत कंपनी हृदयाच्या आकाराची खूण वापरायची, मग सिंह आला. व्यास १९ मिलिमीटर, नळी ९९ सेंटिमीटर, इंडिया पॅटर्न. इंग्रज शिपाई लाडाने 'ब्राउन बेस' म्हणायचे ती. जन्मली चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी), आता टोपीची आहे. पट्टीवर बुजवलेली भोकं आहेत, तिथे चकमकीची वाटी आणि पोलादी झडपेची स्प्रिंग होती. कुणीतरी ती काढून टोपीची बोंडी बसवलीय. स्नायडरचीच गोष्ट, वीस-पंचवीस वर्षं आधीची. सरकारं बंदूक फेकत नाहीत, पेटवायची रीत तेवढी बदलतात.

मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोची फौज आपल्या भुईकोटासमोर उतरली आणि पेशव्यांचे तोफखान्याचे सरदार गणपतराव पानसे समोर होते, तेव्हा कंपनीच्या शिपायांकडे याच जातीची बंदूक होती. ही त्यांतलीच, असं पुरवठादार म्हणेल. मी म्हणणार नाही.

१२ फेब्रुवारी

आज भांडण. दिग्दर्शकाला यादी वाचून दाखवली.

"बाई, काल्पनिक राज्य आहे. तोडा काय, टोपी काय. 'स्टार वॉर्स'वाल्यांनी नाही का १८९६ च्या माउझर पिस्तुलाला दुर्बीण लावून हान सोलोच्या हातात दिली?"

दिली. स्टर्लिंगची सबमशिनगनही त्यांच्या पांढऱ्या शिपायांच्या हातात दिली, तीही मला माहीत आहे. पण त्यांच्या जगात आगीच्या जागी किरण निघतो. ती बंदूक कशाने पेटते हा प्रश्नच तिथे उरत नाही. तुझ्या जगात दारू आहे, धूर आहे, आणि वरून पाऊस पडतोय. मग तोडा पेटता कसा राहणार?

तो गप्प. मी फळ्यासमोर असल्यासारखी सुरू झाले, सवय जात नाही. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती आधीपासून धुमसत ठेवावी लागते. चाप ओढला की तिचं जळतं टोक रंजकात टेकतं, रंजकाची आग कानातून आत जाते. पाऊस आला की दोरी विझली, रंजकाचा चिखल. चकमकीत दोरी नाही, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते, पण रंजक उघडंच. टोपीत रंजकच नाही. दिवाळीतल्या टिकलीसारखा स्फोटक पदार्थ तांब्याच्या इवल्या टोपीत बंद, घोडा तिच्यावर आपटतो. हा शोध अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याचा, पेटंट १८०७ चं. त्याला शिकारीचा नाद होता आणि चकमकीचा झोत बघून पक्षी आधीच उडून जायचे. तांब्याची टोपी त्याच्यानंतर आली, पण कल्पना त्याची.

आणि पावसाचं म्हणशील तर मे १८४१, चीन, कँटनजवळ. ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक कंपनी वादळी पावसात मुख्य फौजेपासून तुटली. हातात चकमकीच्या बंदुका, सगळ्या भिजलेल्या. फुसके बार. संगिनींवर तग धरून उभे राहिले बिचारे. त्यांना शोधायला जे मरीन सैनिक पाठवले त्यांच्याकडे टोपीच्या बंदुका होत्या. त्या त्याच पावसात उडाल्या.

दिग्दर्शक म्हणाला, "म्हणजे माझ्या पावसाच्या राज्यात तोडा असूच शकत नाही."

नाही. शत्रूकडे असू शकतो. तो कोरड्या मुलखातून येतो ना?

त्याने वही उघडली. मागच्या पानावर काहीतरी काढायला लागला.

१६ फेब्रुवारी

नळदुर्ग. सकाळी सहाला निघालो, पाणीमहालात शूटिंगची जागा बघितली, मग उपली बुरुजावर. बोरी नदीत पाणी कमी, त्यामुळे धबधबा नाही. छायाचित्रणवाल्यांचे चेहरे पडले. आमच्या टँकरवर आता आणखी एक काम.

मला तटाच्या जंग्या (बंदूक रोखायची भोकं) बघायच्या होत्या. ब-२ ची पुठ्ठ्याची प्रतिकृती मापात करून नेली होती. लांब नळी जंगीत नीट बसते, मागे उभ्या माणसाला तोडा फुंकायला जागाही राहते. पण प्रतिकृती सरळ धरली की दस्ता खांद्याला लागतच नाही, गालाशी किंवा काखेत घ्यावा लागतो. नटांना हे शिकवावं लागेल. खांद्याला लावून एक डोळा मिटणारा 'मावळा' आता पुरे.

परवानगीचे कागद निर्मितीवाल्यांनी केलेत. तटाला खिळा मारायचा नाही, दोरी बांधायची नाही. बरोबर आहे.

१९ फेब्रुवारी

गच्चीवर चाचणी, रात्री नऊनंतर. सुताच्या बाजारातून जाड सुती दोरी आणली होती (दुकानदाराने विचारलं, "नाडीला का बाई?"). पाच मुलं गच्चीच्या टोकाला, प्रत्येकाच्या हातात धुमसती दोरी. शेजारी पाण्याची बादली, वाळू, आणि मी. दिवे घालवले.

मुलं दिसेनाशी झाली. पाच लाल ठिपके राहिले. एकाने दोरी फुंकली तेव्हा त्याचा ठिपका मोठा झाला आणि क्षणभर नाक दिसलं. बस्स. रात्री तोडेवाल्यांचा हाच घात व्हायचा, माणूस लपायचा पण तोडा सांगायचा. युरोपातल्या लढायांतही हेच, काही वेळा तर तोडे कुंपणाला बांधून पेटते ठेवायचे आणि फौज दुसऱ्या वाटेने निघून जायची.

दिग्दर्शक कठड्याला टेकून उभा होता. म्हणाला, "पाऊस थांबायला हवा. एका रात्रीपुरता." म्हणजे गोष्टीत. ज्या रात्री पहिल्यांदाच पाऊस थांबतो, त्या रात्री राज्यातल्या लोकांना डोंगरावर लाल ठिपके दिसतात. पाऊसच त्यांचा तट होता.

मला हे सुचलं नसतं. मी फक्त दोरी आणली होती.

२४ फेब्रुवारी

ठरलं ते असं. शत्रूकडे तोड्याच्या, ब-२ वरून बनवलेल्या लाकडी प्रतिकृती. ब-२ वर साचा घ्यायचा नाही. सिलिकॉनने जुन्या लाकडाचा थर आणि वादीची चरबी उचलून आली तर कोण जबाबदार? मी मापं काढून रेखाटनं दिली, सुताराने बाभळीत दस्ते केले, नळ्या पाइपच्या. पहिल्या नगात त्याने स्क्रू मारले. परत पाठवला. दुसऱ्यात खिळे आणि वादी. पुढच्या दहा ठीक.

राज्याच्या शिपायांकडे टोपीच्या. जवळून दिसायला ब-३, गर्दीला फायबर. आणि ब-१.

ब-१ वर मामा आणि मी दोन दिवस बसलो. अस्सल वस्तूला हात लावायचा नाही हे माझं तत्त्व, पण हिच्यावरचं वेल्डिंग अस्सल नव्हे. पुरवठादाराची लेखी संमती घेतली, खोटी चिमटी कापली, लांबी काढली. खड्ड्यात मामांनी मागाच्या भंगारातल्या पट्टीची कळ करून बसवली, नुसती दिसायची, घोडा खालीवर होतो तेवढंच. नळी बंदच आहे. भिजली तरी चालेल. मामा म्हणाले, "माझ्या मागाला शेवटी शिपाईगिरी मिळाली."

१ मार्च

पुरवठादाराचा फोन. मुद्दा एकच, ब-१ ची चिठ्ठी बदलू नका. 'शिवकालीन' म्हटलं की भाडं दुप्पट येतं, मॅडम. मी म्हटलं, ब-२ चं दुप्पट करा, मी लिहून देते. त्याला ब-२ कुठली तेच आठवेना. 'जुना पाइप' म्हटल्यावर आठवलं.

शेवटी तडजोड झाली. नवी माहिती मी सहीनिशी देणार, जुनी चिठ्ठी माझ्याकडे राहणार.

४ मार्च

उद्या टँकर. पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गावात पाऊस पाडायचा म्हणून सगळे जरा ओशाळे आहेत. वापरलेलं पाणी चर खणून बागेकडे सोडणार आहेत, असं निर्मितीवाले म्हणाले. बघू.

यादी पुरी केली. शेवटच्या नोंदी:

ब-१. १८५८ चा नमुना, देशी पलटणींसाठी, चऱ्या नसलेली. कळ आधुनिक, सोलापूर.

ब-२. तोड्याची, हिंदुस्थानी. काळ मोकळा. चालवायची नाही, ठोकायची नाही, पोत्यात ठेवायची नाही.

ब-१२. कागदी चिठ्ठी, 'शिवकालीन तोड्याची बंदूक. अस्सल. जपून.' शाई निळी, बॉलपेनची. काळ : बॉलपेननंतरचा.